बैलाची परीक्षा घेणाऱ्या आक्का

पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं आपण शाळेत शिकलो, पण आमच्या घरात ती आक्कांभोवती फिरते, आणि फिरता फिरता निम्मी माझ्या स्वयंपाकघरात सांडते. आक्का म्हणजे माझ्या नणंदबाई, ह्यांची थोरली बहीण. निपाणी आणि संकेश्वरच्या मधे आमचं गाव, गावात सरकारी मराठी शाळा, आणि त्या शाळेत आक्का विज्ञान शिकवतात. विज्ञान म्हणजे सगळंच शिकवायचं असतं अशी माझी भाबडी समजूत होती. आक्कांच्या मते विज्ञान म्हणजे दगड, माती, ओढा, ऊनवारा आणि भूकंप. उरलेलं, म्हणजे बेडकाचं पोट आणि विजेचा दिवा वगैरे, त्या वर्ष संपता संपता पाहुणे निघाल्यावर केर काढावा तसं उरकून टाकतात. ह्या बाईंबरोबर एका छपराखाली राहून मला आता पुष्कळ वर्षं झाली. माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात. मला झालेली नाही. त्या मला धक्के देतात, आणि मी प्रत्येक वेळी नव्यानं हबकते.

पहिला धक्का लग्नानंतर पहिल्याच सकाळी बसला. नव्या सुनेनं पहिल्या दिवशी गोडाचं काहीतरी करावं म्हणून सासूबाईंनी मला खिरीला बसवलं. मी फळीवरचा गुळाचा डबा काढला. आत तांबूस, भोकाभोकाचे खडे. माझ्या माहेरी, वडगावात, गूळ बाजारातून यायचा. ह्यांच्याकडे ऊस घरचा, तेव्हा घरचा गूळ असाच दिसत असेल असं समजून मी दोन खडे पाण्यात टाकले आणि ढवळत बसले. किती ढवळलं तरी खडे जसेच्या तसे, पाणी मात्र लाल. नवी नवरी, विचारणार कुणाला? तेवढ्यात आक्का आत आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "वैनी, तो जांभा दगड हाय. खानापूरचा. तो व्हायला लाखो वर्षं लागली, तुझ्या उलथण्यानं काय विरघळतोय?" मी थक्क. त्याहून थक्क झाले ते त्यांनी पुढं ते लाल पाणी गाळून बाटलीत भरलं आणि बाटलीवर माझं नाव लिहून शाळेत नेलं तेव्हा. सहावीच्या पोरांनी त्या वर्षी 'वैनीचं पाणी' हा प्रयोग केला. पुढं कितीतरी दिवस गावातली पोरं मला बघून हसायची; प्रयोगाचं मला मागाहून कळलं.

आक्कांचं लग्न का झालं नाही, ते सासूबाईंनी मला सांगितलं तेव्हा माझ्या हातातला चहा तसाच राहिला. चिकोडीकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बरा, घर मोठं. मुलाच्या वडिलांच्या बोटात पुष्कराजाची जाड अंगठी होती आणि बोलताना ते ती अंगठी सगळ्यांना दिसेल असा हात हलवत होते. आक्का पोह्यांच्या बशा घेऊन आल्या, बशी दिली आणि म्हणाल्या, "बघू जरा." भावी सासऱ्यांना वाटलं, पोरीला दागिन्याची हौस. त्यांनी कौतुकानं अंगठी काढून दिली. आक्कांनी ती खिडकीच्या काचेवर जोर लावून घासली, काचेला ओरखडा उठतोय का ते वाकून बघितलं, आणि अंगठी परत देताना म्हणाल्या, "पुष्कराज न्हाई हो. काच हाय. कुणीतरी फसवलं तुम्हाला." पाहुण्यांनी पोहे अर्धे टाकले. सासूबाई सांगायच्या, "आगं, मी भिंतीला टेकून खालीच बसले. आन ही वरनं मला सांगतीया, खिडकीच्या काचेला ओरखडासुदीक न्हाई म्हणून." त्यानंतरही स्थळं आली, पण अंगठी घालून कुणी आलं नाही, आणि पुढं पुढं कुणीच आलं नाही. आक्कांना त्याचं काही वाटल्याचं मला कधी दिसलं नाही. विचारलं तर म्हणतात, "मला वेळ कुठं हुता गं?"

ते मात्र खरं. त्यांना वेळ नसतोच. माझे हे बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत. सोमवारी पहाटे जातात, शनिवारी येतात. भाऊबीजेला बहिणीला काय घालतात लोक? साडी घालतात, पैसे घालतात. ह्यांनी एका वर्षी फाउंड्रीतल्या साच्याच्या वाळूचं पोतं आणलं. ओवाळणीच्या ताटात पोतं मावेना म्हणून ताटाशेजारी ठेवलं. आणि आक्का, ज्यांना मी आणलेली शहापुरी साडी कपाटात कुठं आहे हे आजही ठाऊक नाही, त्या पोत्यात हात घालून "किती बारीक चाळलीया रं" म्हणत डोळे भरून भावाकडं बघत होत्या. अशा बहीणभावांच्या घरात मी एकटी काय करणार?

साडीचा विषय निघालाच आहे तर सांगते. माझं माहेर विणकराचं. माझ्या लग्नाची साडी माझ्या वडिलांनी स्वतः मागावर बसून विणली होती. एकदा मी दुपारी शाळेवरून चालले होते तर वर्गातून "हिमालय झाला, हिमालय झाला" असा गलका ऐकू आला. मी सहज खिडकीतून बघितलं. टेबलावर माझी साडी. एका बाजूनं दोन पोरं ढकलतायत, दुसऱ्या बाजूनं दोन पोरी ढकलतायत, आणि मधे साडीच्या घड्या उभ्या राहिल्यात. सर्वांत उंच घडीवर, जरीच्या पदरावर, खडूचा एक तुकडा बर्फ म्हणून ठेवलेला.  संध्याकाळी मी आक्कांना विचारलं, घरात चादरी नव्हत्या का? त्या म्हणाल्या, "चादरीच्या घड्या बसत्यात गं. तुझ्या बाबांचं विणकाम घट्ट, घडी हुभी ऱ्हाती. हिमालयाला असलंच पायजे." आता ह्यावर रागवावं की वडिलांचं कौतुक झालं म्हणून खूश व्हावं? मी दोन्ही करून बघितलं आणि साडी कुलपात ठेवली.

आमच्या फ्रीजमध्ये पाहुण्यांनी हात घालू नये असा अलिखित नियम आहे. बाटल्यांवर चिठ्ठ्या असतात, 'पिऊ नये, गाळ बसत आहे'. बर्फाच्या भांड्यात खडी घालून गोठवलेली असते, कारण हिमनदी जाताना खडकाला कसे ओरखडे पाडते ते पोरांना दाखवायचं असतं. ते ओरखडे आधी माझ्या पोळपाटावर पाडून बघितले जातात. दिवाळीत मी केलेले लाडू पाहुण्यांपुढं ठेवायला गेले तर प्रत्येक लाडू मधोमध कापलेला, आणि त्यात काड्या टोचून बारीक कागदी झेंडे: भूकवच, प्रावरण, गाभा. संकेश्वरची माझी चुलतसासू जुन्या वळणाची बाई. तिनं झेंडा काढून बाजूला ठेवला, लाडू खाल्ला आणि मला हळूच विचारलं, "सूनबाई, ह्ये कुठल्या पक्षाचं गं?"

बसमध्ये तर त्यांच्याबरोबर जाऊच नये. आमच्या राज्यात हल्ली सरकारी बसला बायकांना तिकीट पडत नाही. त्याचा सर्वांत जास्त फायदा कुणी घेतला असेल तर आक्कांनी. दर रविवारी कुठं ना कुठं जायचं आणि पिशव्या भरून धोंडे आणायचे. कंडक्टर त्यांना ओळखतो. एकदा मी बरोबर होते, तर तो म्हणाला, "आक्का, तुमाला तिकीट न्हाय, खरं धोंड्यांचं लगेज लागतंय." आक्का म्हणाल्या, "धोंडे शाळेतल्या मुलींचे हायत." त्या माणसानं खरोखर डोकं खाजवून विचार केला. तो विचार करतोय तोवर हायवेच्या कडेला टेकडी कापून रस्ता रुंद करायचं काम चाललेलं आक्कांना दिसलं. "थांबव, थांबव," म्हणत त्या उठल्या. बस थांबली. सगळ्यांना वाटलं, बाईंना मळमळतंय. मी पिशवी घेऊन धावले. बघते तर आक्का त्या कापलेल्या कड्यापुढं उभ्या, हात लावून थर मोजतायत. उघडी जमीन दिसली की त्यांचं असंच होतं. कुणी विहीर काढू दे, पाण्याचा पाइप पुरायला चर खणू दे, घराचा पाया खणू दे. पहिली कुदळ पडते ना पडते तोच आक्का पट्टी आणि बाटली घेऊन काठावर हजर. गावात म्हण झाली आहे, की खड्ड्यात पाणी लागायच्या आधी बाई लागतात.

पण त्यांचा खरा जीव आहे तो कृतिपत्रिकांवर. सरकारकडून छापील येतात, गुळगुळीत कागदाच्या, ज्वालामुखीच्या रंगीत चित्राच्या. आक्का त्या उलट्या करून पाठकोऱ्या बाजूला स्वतःची लिहितात आणि संकेश्वरला जाऊन झेरॉक्स काढतात. त्यांचं म्हणणं, "हितल्या पोरानं ज्वालामुखी कुठं जाऊन बघायचा? त्याचाच दगड पायाखाली हाय, त्ये कुणी सांगत न्हाई." मग त्यांचे प्रश्न कसे असतात? 'तुमच्या घरातील सर्वांत जुनी वस्तू कोणती? (आजी लिहू नये.)' एकीनं पाटा-वरवंटा लिहिला, तिला पूर्ण गुण. एकानं 'आजोबा' लिहिलं, त्याला अर्धा गुण, कारण सूचना पाळली होती. दुसरा प्रश्न: 'पावसात तुमच्या गल्लीतील पाणी कुठून कुठे वाहते? ते कोणाच्या घरात शिरते व का? (भांडण न करता उत्तर लिहा.)' पोरांनी भांडण केलं नाही. पोरांनी घरी जाऊन उत्तर वाचून दाखवलं आणि मग मोठ्यांनी केलं. दोन सख्ख्या भावांना तेव्हा पहिल्यांदा कळलं, की एकाच्या घरात येणारं पाणी दुसऱ्यानं बांधलेल्या भिंतीमुळं येतंय. आक्का म्हणाल्या, "चला, उतार तरी कळला."

एकदा वरच्या ऑफिसातून एक साहेब शाळा तपासायला आले. कानडी माणूस, कडक. वर्गात टेबलावर मातीच्या सात-आठ ढिगल्या. "एन्री टीचर, इदु एनु?" हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. आक्का म्हणाल्या, "मण्णु, सर," म्हणजे माती. हे साहेबांनाही दिसतच होतं. ते खुर्चीवर बसले. आक्कांनी त्यांच्यापुढं पाण्यानं भरलेली परात ठेवली आणि पोरांना खूण केली. पुढच्या क्षणी सगळ्या वर्गानं एकदम पाय आपटायला सुरुवात केली. परातीत लाटा उठल्या, कौलांतून धूळ पडली, आणि साहेब फाइल डोक्यावर धरून थेट मैदानात. भूकंपाची कृती होती ती. साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते आक्कांनी आम्हाला दाखवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "बाहेर पळायचं त्यांना बरोबर कळलं. मुलांना चांगलं उदाहरण मिळालं."

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण ह्या वर्षीच्या बेंदराला जे झालं, ते मला अजून हसत सांगता येत नाही.

आमच्याकडे कर्नाटकी बेंदूर असतो, शाळा उघडल्यावर थोड्याच दिवसांत येतो. खऱ्या बैलांना धुऊन, शिंगं रंगवून, झूल घालून मिरवायचं. आणि घरात मातीचे बैल करून देव्हाऱ्यापुढं पुजायचे. काही दिवसांनी ते आपल्याच विहिरीत नाहीतर ओढ्यात सोडायचे. आता सणाला माती मळताना बघून आक्कांना कृतिपत्रिका सुचली नसती तरच नवल. प्रत्येकानं आपापल्या रानातल्या मातीचा वीतभर बैल करून आणायचा. सगळे बैल वाळले, की ओळीनं मांडून वरून झारीनं पाणी सोडायचं, आणि कुठल्या रानाची माती आधी सुटते ते बघायचं. तांबड्या रानाचा बैल टिकतो, काळ्या रानाचा पाणी पिऊन फुगतो आणि ढासळतो. कृती चांगली होती, हे मीसुद्धा म्हणेन.

शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष आप्पा. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. गावात सगळीकडं ट्रॅक्टर आले, पण आप्पांनी एक म्हातारा बैल अजून दावणीला ठेवला होता, हौश्या. जोडीतला दुसरा मागंच गेला. तेव्हापासून आप्पा बेंदराला मातीचाही एकच बैल करायचे, हौश्याच्याच नावाचा, स्वतःच्या हातानं, आपल्या काळ्या रानातली माती आणून. त्यांची नात आक्कांच्या वर्गात. ती बैल करायला विसरली. ऐनवेळी रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून तिनं देव्हाऱ्यापुढचा पुजलेला बैल उचलला आणि शाळेत नेला. हळदकुंकू लावलेलं, डोक्यावर फूल चिकटलेलं. आक्कांना वाटलं, पोरीनं हौसेनं सजवलाय. त्यांनी तिला शाबासकी दिली आणि झारी उचलली.

काळ्या मातीचा बैल. सर्वांत आधी तोच विरघळला.

एवढ्यावर निभावलंही असतं. पण पोरांनी कृतिपत्रिका भरल्या, आणि आक्कांनी त्यातली सर्वांत सुवाच्य भिंतीवर लावली. 'सर्वांत पक्का बैल: पाटलांच्या तांबड्या रानाचा. सर्वांत कच्चा बैल: आप्पांचा हौश्या.' दोन दिवसांनी कमिटीच्या मीटिंगला आप्पा शाळेत आले, चष्मा लावून भिंत वाचली, आणि मीटिंग न करताच परत गेले. कारण त्याच सकाळपासून खऱ्या हौश्यानं वैरण तोंडात घेतली नव्हती.

संध्याकाळी आप्पा आमच्या दारात. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही. आक्कांनी समजावून सांगायला सुरुवात केली. नेहमीसारखं, खडू हातात असल्यासारखं. म्हणाल्या, "आप्पा, तसाही तो पाण्यात सोडायचाच हुता. विसर्जनच झालं की, फक्त झारीनं." मी आतून त्यांना गप्प बसायच्या खुणा करत होते. आप्पा ओरडले नाहीत. ते म्हणाले, "बाई, इसर्जन आमी हात जोडून करतो. तुमी माझ्या बैलाला परीक्षेला बसवलासा, आन पोरांच्या म्होरं नापास केलासा. आता त्यो उठत न्हाय. त्यो उठला न्हाय, तर मी चिकोडीच्या शिक्षण हापिसात जाऊन सांगणार, ह्या बाई आमच्या शाळंत नकोत."

आप्पा बोलले की करतात. आणि बदली म्हणजे आक्कांना काय, हे मला ठाऊक होतं. मुख्याध्यापक व्हायची संधी त्यांनी सोडली होती, ती मोठ्या गावच्या शाळेत जायला नको म्हणून. ह्या ओढ्याचा प्रत्येक दगड त्यांनी पोरांकडून उलटापालटा करून घेतलेला. त्यांना इथून काढणं म्हणजे झाड उपटून दुसरीकडं लावण्यासारखं होतं, आणि ह्या वयाचं झाड लागत नाही.

मला वाटलं, आता त्या वाद घालतील, पुरावा मागतील. पुरावा नसला तर ह्या बाई देवाचंही ऐकत नाहीत. पण त्या रात्री जेवल्या नाहीत. मी ताट झाकून ठेवलं तर म्हणाल्या, "वैनी, माझ्या झारीनं बैल आजारी पडत न्हाई. हे मला ठावं हाय."

मी म्हटलं, "मग जेवा की."

"पण आप्पांचा बैल खात न्हाई गं," त्या म्हणाल्या, आणि ताट बाजूला सारत, "बैलाला काय आवडतं?"

मी ह्या घरात आल्यापासून त्यांनी मला विचारलेला हा पहिला असा प्रश्न, की ज्याचं उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं.  मी सांगितलं, बाजरीच्या भाकरीवर गूळ. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या गूळभाकरी घेऊन आप्पांच्या गोठ्यात गेल्या. आप्पा त्यांच्याशी बोलले नाहीत, पण हाकललंही नाही. हौश्यानं भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. आक्का तिथंच दगडावर बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशीही, चौथ्या दिवशीही. जनावरांचे डॉक्टर येऊन म्हणाले, "वय झालंय, बाकी काही नाही." हे आक्कांच्या बाजूचं होतं, पण त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. भिंतीवरचा तो कागद त्यांनी केव्हाच काढून टाकला होता. गोठ्यात एका बाजूला आप्पा, एका बाजूला आक्का, मधे बैल, आणि कुणीच कुणाशी बोलत नाही, असं ते सगळा आठवडा चाललं होतं.

आठव्या दिवशी सकाळी हौश्या गेला. आप्पांनी त्याला आपल्याच रानात, बांधाकडेला पुरायचं ठरवलं. जेसीबी आला. निम्मं गाव जमलं, शाळेची पोरंही आली, आम्ही दोघीही गेलो. आणि तिथं पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझ्यापुढं सरळ कापलेला, पुरुषभर खोल, ताजा खड्डा आहे आणि शेजारी आक्का आहेत.  म्हटलं, देवा, आज नको. आज ह्यांनी पट्टी काढली तर हे लोक आम्हाला गावात राहू देणार नाहीत. मी त्यांचा पदर मुठीत गच्च धरला.

बघते तर आक्का खड्ड्याकडं पाठ करून उभ्या. हातात काही नाही, खांद्याला पिशवीसुद्धा नाही. सगळा गाव खड्ड्यात बघत होता आणि त्या एकट्या उसाकडं तोंड करून, चष्मा काढून, डोळे पुसत होत्या. ह्या बाईनं मला आजवर जितके धक्के दिले ते सगळे एका बाजूला, आणि हा एका बाजूला. माझ्या हातातून पदर सुटला. मला रडूच फुटलं.

ट्रॉलीतून हौश्याला उतरवायच्या आधी आप्पांनी इकडंतिकडं बघितलं. त्यांची नजर आक्कांवर थांबली. ते चालत आले आणि म्हणाले, "बाई, तिकडं तोंड करून का हुभ्या?"

"आज नको, आप्पा," आक्का म्हणाल्या.

"बघा," आप्पा म्हणाले. "माझं रान हाय. मी सांगतोय, बघा. वरची हातभर माती दिसती न्हवं, ती हौश्यानं जन्मभर वडून वडून भुसभुशीत केलीया. त्याच्या खालची मी बी कदी बघितली नव्हती." मग त्यांनी पोरांकडं हात केला. "पोरास्नी बी बोलवा."

आक्का वळल्या. पोरं काठावर ओळीनं उभी राहिली. वर काळीभोर माती, खाली पिवळसर, तळाला मुरूम. आक्कांनी बोलायला तोंड उघडलं, आणि ज्या बाईंनी कापलेल्या लाडवावरसुद्धा अर्धा तास शिकवलं, त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.  मग आप्पांच्या नातीनं हळूच विचारलं, "बाई, ल्हिवायचं काय?"

"काय न्हाई," आक्का म्हणाल्या. "बघून घ्या नुसतं."

पोरांनी बघितलं. मग आप्पांनी हात जोडले, हौश्याला उतरवलं, आणि वरून आधी आप्पांनी आणि मग आक्कांनी मूठमूठ माती टाकली. चिकोडीचं नाव आप्पांनी पुन्हा काढलं नाही.

घरी येताना आक्का गप्प होत्या. वाटेत ओढा आला, कातळ आला, कुणीतरी विहिरीतून काढून टाकलेला धोंड्यांचा ढीग आला. त्यांनी मान वर केली नाही. मी आयुष्यभर देवाजवळ हेच मागत आले होते, की ही बाई एकदा तरी घडीभर गप्प बसू दे. आणि आता त्यांची ती शांतता माझ्याच्यानं सोसवेना. पुढच्या वर्षी त्या रिटायर होणार. घरात राहतील, पण अशाच गप्प राहिल्या तर? शाळा नसलेल्या आक्का मला डोळ्यांपुढं आणताच येईनात. मला काय करावं कळेना. शेवटी मी खाली वाकले, वाटेवरचा एक दगड उचलला, पदरानं पुसला आणि त्यांच्यापुढं धरला.

"आक्का, ह्यो कुठला ओ?"

त्या थांबल्या. दगड हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, मग माझ्याकडं बघितलं. 

"खडी हाय गं ही. रस्त्याच्या कामाची," त्या म्हणाल्या. दोन पावलं पुढं गेल्या आणि परत थांबल्या. "पण खडी तरी कुठनं आली म्हण की. हे बघ, ह्यात बारीक पांढरं दिसतंय न्हवं..."

आणि मी, भाकरी करायची राहिली होती, ऊन चढलं होतं, तरी रस्त्याच्या कडेला उभी राहून ऐकत राहिले.